खगोलछायाचित्रणाचं सॉफ्टवेअर सुरूच होत नाही? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे करून बघा

जून ते सप्टेंबर महाराष्ट्रात आकाश जवळपास मिळतच नाही. दुर्बीण, माउंट (दुर्बीण धरून फिरवणारा आधार) आणि कॅमेरा डब्यात बंद असतात, पण लॅपटॉप रोज वापरात असतो. त्या चार महिन्यांत विंडोजचे अपडेट येऊन जातात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतो, नवा अँटिव्हायरस बसतो, घरातलं कुणीतरी वनड्राइव्ह चालू करतं. मग ऑक्टोबरची अमावास्या जवळ येते, तुम्ही निना (कॅमेरा आणि माउंट चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा डीपस्कायस्टॅकर (फोटो एकत्र करणारं) यांच्या आयकॉनवर क्लिक करता आणि पडद्यावर काहीच येत नाही.

अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. त्याने सहसा काही बदलत नाही. बिघाड सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये नसतो. तो सेटिंगच्या फाइलमध्ये, विंडोजच्या एखाद्या रनटाइममध्ये (सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या सामायिक फाइलींच्या संचात) किंवा ड्रायव्हरमध्ये असतो, आणि अनइन्स्टॉल तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून आधी शोधायचं ते एवढंच, की सॉफ्टवेअर नेमकं कुठे अडतंय. ते कळलं की उपाय बहुतेक वेळा दहा मिनिटांचा असतो.

लेखाचा भर विंडोजवर आहे, कारण निना, शार्पकॅप (कॅमेऱ्यातून फोटो टिपणारं) आणि अ‍ॅस्कॉम प्लॅटफॉर्म (उपकरणं आणि सॉफ्टवेअर यांना जोडणारा दुवा) विंडोजवरच चालतात. मॅक आणि लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. फोल्डरची आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत दिसतील.

आधी हाताशी काय हवं

- लॅपटॉपचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड
- विंडोजची आवृत्ती आणि ती ३२ बिट आहे की ६४ बिट (सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट)
- प्रोसेसरचं आणि ग्राफिक्स कार्डचं नाव
- सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, आणि शक्य असेल तर ती आधीची आवृत्ती जी चालत होती
- एक रिकामा पेनड्राइव्ह
- वही आणि पेन. वही खरंच घ्या. एका वेळी एकच बदल करायचा, तो लिहायचा, मग सॉफ्टवेअर सुरू करून बघायचं. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि ते चालू झालं, तर पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा शून्यावर असता.

१. "सुरू होत नाही" म्हणजे नेमकं काय होतं ते बघा

क्लिक केल्यावर टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र) आणि यादीत सॉफ्टवेअरचं नाव शोधा. चार शक्यता असतात.

नाव यादीत येतच नाही किंवा क्षणभर येऊन जातं: सॉफ्टवेअर सुरू होताना कोसळतंय. पायरी ४ कडे जा.

नाव येतं, टिकतं, पण खिडकी दिसत नाही: खिडकी बहुधा पडद्याबाहेर उघडली आहे. घरी दुसरा मॉनिटर जोडून काम करणाऱ्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं, कारण खिडकी शेवटी कुठे होती ते सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं. टास्कबारवरच्या आयकॉनवर क्लिक करा, मग विंडोज की, शिफ्ट आणि डावा बाण एकत्र दाबा. तेवढ्याने नाही आली, तर आल्ट आणि स्पेसबार दाबून 'मूव्ह' निवडा आणि बाणांच्या कळांनी खिडकी आत ओढा.

नाव दोनदा दिसतं: आधीची प्रत अडकून पडली आहे आणि ती नव्या प्रतीला उघडू देत नाही. दोन्ही 'एंड टास्क' करा. लॅपटॉप झोपवून उठवल्यावर कॅमेऱ्याशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरचं असं होतं.

सुरुवातीचं चित्र येतं आणि तिथेच थांबतं: ते बहुतेक कुठल्यातरी उपकरणाची किंवा प्लगइनची (जोड-प्रोग्रामची) वाट बघतंय. पुढची पायरी बघा.

२. सगळ्या यूएसबी वायरी काढा

कॅमेरा, गाइड कॅमेरा (दुर्बीण ताऱ्यावर रोखून ठेवायला मदत करणारा), फोकसर (फोकस जुळवणारी मोटर), माउंट, यूएसबी हब, सगळं काढा. लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणं आणि 'रीस्टार्ट' यांत फरक आहे: विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शट डाउनमध्ये ड्रायव्हर पूर्णपणे नव्याने लोड होत नाहीत. रीस्टार्टमध्ये होतात.

आता सॉफ्टवेअर उघडलं, तर दोष त्याचा नाही. एकेक उपकरण जोडत जा, प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. ज्या उपकरणाशी अडतं त्याचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून नवा घ्या. विंडोजने आपणहून बसवलेल्या ड्रायव्हरवर विसंबू नका. खगोलीय कॅमेऱ्यांना उत्पादकाचाच लागतो.

इथे एक सूचना. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप आता दुकानांत भरपूर दिसतात. त्यांवर नेहमीची सॉफ्टवेअरं अनुकरणाने (एम्युलेशनने) चालतात, पण ड्रायव्हरचं अनुकरण होत नाही. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर खास त्या प्रोसेसरसाठी लिहिलेला नसेल, तर कॅमेरा चालणारच नाही. दुर्बिणीसोबत न्यायला लॅपटॉप घेत असाल, तर इंटेल किंवा एएमडीचाच घ्या.

३. नवं यूजर खातं काढून बघा

ही कसोटी फार कमी लोक वापरतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त तीच सांगून जाते. सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये एक नवं लोकल खातं काढा. नाव रोमन लिपीत, छोटं, मध्ये जागा न सोडता द्या. त्या खात्यात लॉगिन करून तेच सॉफ्टवेअर उघडा.

नव्या खात्यात उघडलं, तर सॉफ्टवेअर, रनटाइम आणि ग्राफिक्स बहुतेक ठीक आहेत. बिघाड तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये किंवा फोल्डरांत आहे. सरळ पायरी ६ आणि ७ करा. तिथेही नाही उघडलं, तर बिघाड संपूर्ण संगणकाच्या पातळीवर आहे: पायरी ४, ५ आणि ८. अर्धं काम इथेच वाचतं.

४. विंडोजने काय नोंदवलं ते वाचा

सॉफ्टवेअर गुपचूप मरतं तेव्हा विंडोज त्याची नोंद ठेवतं. स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्याखाली 'अ‍ॅप्लिकेशन'. तुम्ही क्लिक केलंत त्या वेळेची लाल खुणेची नोंद उघडा. तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या: 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' म्हणजे कोणत्या फाइलपाशी कोसळलं, आणि 'एक्सेप्शन कोड' म्हणजे कसं कोसळलं.

कोडचे शेवटचे अंक बघा.

- शेवटी १३५: हवी असलेली एखादी डीएलएल फाइल (प्रोग्राम गरजेप्रमाणे वापरतात ती सामायिक फाइल) सापडली नाही. पायरी ५.
- शेवटी ७बी: ३२ बिट आणि ६४ बिट फाइलींची सरमिसळ झाली आहे. कुणीतरी सुटी डीएलएल आणून टाकलेली असते.
- शेवटी १डी: प्रोसेसरला ती आज्ञाच कळत नाही. फोटोंवर प्रक्रिया करणाऱ्या पिक्सइनसाइटला एव्हीएक्स२ ही सोय असलेला प्रोसेसर लागतो. इंटेल कोअरमध्ये ती चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ पासून आली. पेंटियम आणि सेलेरॉन नावाच्या अनेक प्रोसेसरांत ती त्यानंतरही बरीच वर्षं नव्हती. इथे उपाय नाही. वेगळं सॉफ्टवेअर किंवा वेगळा संगणक.
- बरेच शून्य आणि शेवटी ५: मेमरीत चुकीच्या जागी हात घातला गेला. हा सगळ्यांत जास्त दिसणारा कोड, आणि एकट्याने काहीच सांगत नाही. मॉड्यूलच्या नावासोबतच वाचायचा.

मॉड्यूलचं नाव एनटीडीएलएल किंवा कर्नेलबेस असेल, तर त्याच्या मागे लागू नका. ते विंडोजचे स्वतःचे भाग आहेत, कोसळताना शेवटी तेच दिसतात. एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाइम१४० दिसलं, तर पायरी ५. एनव्हीओजीएलने सुरू होणारं नाव म्हणजे एनव्हीडियाचा ओपनजीएल (पडद्यावर ग्राफिक्स काढण्याची पद्धत) ड्रायव्हर, म्हणजे पायरी ८. तुमच्या खगोलाच्या सॉफ्टवेअरशी काहीच संबंध नसलेलं नाव दिसलं, विशेषतः आवाज सुधारणाऱ्या किंवा गेमवर आकडे दाखवणाऱ्या एखाद्या प्रोग्रामचं, तर तो प्रोग्राम बंद करून बघा. गेमिंग लॅपटॉपवर असे प्रोग्राम कंपनीनेच घातलेले असतात आणि ते इतर प्रत्येक खिडकीत शिरू बघतात.

निनाच्या नोंदीच्या लगत 'डॉट नेट रनटाइम' (निना ज्यावर चालतं तो मायक्रोसॉफ्टचा रनटाइम) नावाची आणखी एक नोंद असते. तिच्यात अडचण जास्त सविस्तर लिहिलेली असते. ती पूर्ण कॉपी करून ठेवा.

आता सॉफ्टवेअरची स्वतःची नोंदवही बघा. विंडोज की आणि आर दाबा, रन चौकटीत टक्क्याचं चिन्ह, मग लोकलअ‍ॅपडेटा हा शब्द जोडून, मग पुन्हा टक्क्याचं चिन्ह टाइप करा. उघडलेल्या फोल्डरमध्ये 'निना', त्यात 'लॉग्ज'. गाइड कॅमेरा हाताळणाऱ्या पीएचडी२ च्या नोंदी डॉक्युमेंट्समधल्या 'पीएचडी२' फोल्डरमध्ये असतात. आजच्या तारखेची फाइल तयारच झाली नसेल, तर सॉफ्टवेअर स्वतःचं काम सुरू करण्याआधीच मेलं, म्हणजे रनटाइमचा संशय. फाइल झाली असेल, तर शेवटच्या दहा ओळी वाचा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

सिरिलसाठी (हेही फोटोंवर प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर) वेगळी युक्ती: कमांड प्रॉम्प्ट उघडून, सिरिलच्या फोल्डरमधल्या 'बिन' फोल्डरात जाऊन, तिथून ते चालवा. जे संदेश एरवी दिसत नाहीत ते काळ्या खिडकीत येतात.

५. रनटाइम तपासा

व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल: मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून सध्याचं ६४ बिट पॅकेज घेऊन टाका. "आधीपासून आहे" म्हणून सोडून देऊ नका. नव्या साधनांनी बांधलेलं सॉफ्टवेअर जुन्या पॅकेजवर, ते बसवलेलं असूनही, एमएसव्हीसीपी१४० पाशी कोसळतं. तिथे फक्त नवी आवृत्ती चालते.

सापळा: "अमुक डीएलएल सापडली नाही" असा संदेश आला की शोधल्यावर सुट्या डीएलएल वाटणारी संकेतस्थळं वर येतात. तिथून काहीही घेऊ नका. फाइल चुकीच्या आवृत्तीची निघते, कधी व्हायरस निघतो, आणि साधी अडचण गुंतागुंतीची होते.

डॉट नेट: निनाच्या तिसऱ्या पिढीला डॉट नेट ८ चा 'डेस्कटॉप रनटाइम' लागतो. इथे नवखे हमखास अडकतात. विंडोजसोबत येणारं 'डॉट नेट फ्रेमवर्क ४.८' वेगळं, त्याने काम भागत नाही. नुसता 'रनटाइम' घेतला तरी भागत नाही, 'डेस्कटॉप'च हवा. आणि ९ असलं म्हणून ८ ची गरज संपत नाही. दोन्ही शेजारी शेजारी सुखाने राहतात. इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅप्सच्या यादीत 'विंडोज डेस्कटॉप रनटाइम' आणि पुढे ८ हा आकडा दिसतो का बघा.

अ‍ॅस्कॉम: सहाव्या पिढीचा प्लॅटफॉर्म वापरत असाल, तर त्याला डॉट नेट ३.५ लागतं. ते कंट्रोल पॅनेलमधल्या 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ'मधून चालू करावं लागतं आणि त्या वेळी इंटरनेट लागतं. हे घरीच उरका.

युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: तिथे विकत घेतलेल्या काही लॅपटॉपवर विंडोजची 'एन' आवृत्ती असते. तिच्यात मीडियाचे भाग काढलेले असतात आणि व्हिडिओ हाताळणारी काही सॉफ्टवेअरं एमएफप्लॅट नावाची डीएलएल नाही म्हणून अडतात. सेटिंग्जच्या 'ऑप्शनल फीचर्स'मधून 'मीडिया फीचर पॅक' घ्या.

डीपस्कायस्टॅकरच्या आताच्या आवृत्त्यांना ६४ बिट विंडोज १० किंवा त्यापुढचंच लागतं. जुन्या ३२ बिट लॅपटॉपवर त्या कितीही प्रयत्न केले तरी उघडणार नाहीत.

६. सेटिंग बाजूला ठेवा, पुसू नका

तिसऱ्या पायरीत नव्या खात्यात सॉफ्टवेअर उघडलं असेल, तर पहिला संशय इथे.

निना: लोकलअ‍ॅपडेटामधल्या 'निना' फोल्डरमध्ये 'प्लगइन्स' आहे. त्याचं नाव बदलून 'प्लगइन्स-जुनं' करा आणि निना उघडा. निनाची आवृत्ती बदलली की जुनं प्लगइन अडू शकतं. उघडल्यावर प्लगइन पुन्हा एकेक करून घ्या. 'प्रोफाइल्स' फोल्डरला मात्र आधी पेनड्राइव्हवर कॉपी केल्याशिवाय हात लावू नका. तुमच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर, फिल्टर, फोकसरची पावलं, सगळं त्यात असतं.

सिरिल: त्याच ठिकाणी 'सिरिल' नावाचा फोल्डर आहे. नाव बदला, सिरिल नवा बनवेल.

डीपस्कायस्टॅकर आणि पीएचडी२ त्यांची सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या मध्यवर्ती नोंदवहीत) ठेवतात. रजिस्ट्री एडिटरमध्ये 'करंट यूजर', मग 'सॉफ्टवेअर' इथे डीपस्कायस्टॅकरच्या नावाची नोंद मिळेल; पीएचडी२ ची 'स्टार्कलॅब्ज' खाली. आधी त्या नोंदीवर उजवं क्लिक करून 'एक्स्पोर्ट' करा, फाइल जपून ठेवा, आणि मगच नोंद काढा. आजूबाजूच्या दुसऱ्या कशालाही हात लावू नका. पीएचडी२ मध्ये याने सगळी प्रोफाइलं जातात, म्हणून एक्स्पोर्ट केलेली फाइल लागणारच आहे हे गृहीत धरा.

७. फोल्डरचा पत्ता आणि कुलूपं

विंडोजचं खातं काढताना तुम्ही नाव देवनागरीत दिलं असेल, तर सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स'खालचा तुमचा फोल्डरही देवनागरीतच तयार झालेला असू शकतो. मराठीत नाव लिहिण्यात गैर काहीच नाही, आणि चांगलं सॉफ्टवेअर ते नीट हाताळतं. पण बरीच खगोलीय सॉफ्टवेअरं हौशी माणसांनी फावल्या वेळात लिहिलेली आहेत. जुन्या आवृत्त्या आणि काही ड्रायव्हर रोमनखेरीज अक्षर दिसलं की पत्ता हरवतात. खात्याचं दिसणारं नाव बदलून फोल्डर बदलत नाही. पायरी ३ मधलं नवं खातंच या कामासाठी ठेवून द्या. फोटोंसाठी डी ड्राइव्हवर 'अ‍ॅस्ट्रो' असा छोट्या नावाचा फोल्डर करा.

वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स स्वतःकडे ओढलं असेल, तर ते तिथून सोडवा. पीएचडी२ सारख्या, तिथे सतत लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला ते जाचक ठरतं, आणि रॉ फाइलींनी मोफत जागा एका रात्रीत भरते.

विंडोज सिक्युरिटीमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू असेल, तर डॉक्युमेंट्समध्ये लिहायला सॉफ्टवेअरला मनाई होते. तिथे अपवाद म्हणून ते जोडा. अँटिव्हायरसच्या 'क्वारंटाइन' यादीतही बघा. छोट्या सॉफ्टवेअरची एखादी फाइल तिथे जाऊन बसलेली असते. फाइल अधिकृत संकेतस्थळाचीच आहे याची खात्री असेल, तरच ती परत आणा. अँटिव्हायरस पूर्ण बंद करून ठेवू नका.

झिप फाइल उतरवली असेल, तर उघडण्याआधी उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि खाली 'अनब्लॉक'ची खूण असल्यास ती करा. आतल्या फाइली बाहेर काढल्यानंतर करायला गेलात, तर आतल्या प्रत्येक फाइलला वेगळी करावी लागते.

८. ग्राफिक्स

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, तर सेटिंग्ज, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे त्या सॉफ्टवेअरसाठी एकदा 'पॉवर सेव्हिंग' आणि एकदा 'हाय परफॉर्मन्स' निवडून बघा. ड्रायव्हर ग्राफिक्सच्या किंवा लॅपटॉपच्या उत्पादकाकडूनच घ्या. रिमोट डेस्कटॉपवरून सुरू करत असाल, तर आधी प्रत्यक्ष लॅपटॉपसमोर बसून करून बघा; रिमोटवर ओपनजीएल नीट मिळत नाही आणि स्टेलॅरियमसारखी, आकाशाचा नकाशा दाखवणारी सॉफ्टवेअरं तिथे अडतात.

९. आता पुन्हा इन्स्टॉल करा

इथवर काही लागू पडलं नसेल, तरच. अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, सी ड्राइव्हवर मोकळी जागा आहे ना हे बघणं, अधिकृत ठिकाणाहून फाइल नव्याने उतरवणं, मग इन्स्टॉल. बीटा आवृत्ती नको, स्थिर आवृत्ती घ्या. नवी चालत नसेल आणि आधीची चालत होती, तर आधीचीच वापरा. अँड्रोमेडा दीर्घिका दोन्हींत सारखीच येते.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर अ‍ॅप आधी 'अ‍ॅप्लिकेशन्स'मध्ये ओढा, मग उघडा. अडवलं, तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये खाली 'ओपन एनीवे' असतं. २०२४ च्या सेक्वोयापासून उजव्या क्लिकची जुनी पळवाट बंद झाली आहे. सिरिल घेताना अ‍ॅपल सिलिकॉन आणि इंटेल यांतली तुमची प्रत कोणती ते बघा.

लिनक्सवर अ‍ॅपइमेजला (एकाच फाइलमध्ये येणाऱ्या सॉफ्टवेअरला) आधी 'एक्झिक्युट'ची परवानगी द्यावी लागते. उबुंटू २२.०४ पासून फ्यूज २ ची लायब्ररी आपोआप येत नाही आणि बऱ्याच अ‍ॅपइमेजना ती लागते. टर्मिनलमधून चालवा, कारण लगेच दिसेल.

१०. मदत मागताना

"निना चालत नाही, काय करू?" याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. विंडोजची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, पायरी १ मधली कोणती शक्यता, नव्या खात्यात काय झालं, मॉड्यूल आणि कोड, लॉगची फाइल आणि वहीतले बदल एवढं द्या. लॉगमध्ये तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश आणि खात्याचं नाव असू शकतं. पाठवण्याआधी ते काढा. पुण्यातली १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईचं खगोल मंडळ अशा संस्थांत हीच साधनं वापरणारी माणसं भेटतात. शेजारी बसून बघणाऱ्याची मदत सगळ्यांत लवकर लागू पडते.

अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात

वांगणी असो की भंडारदरा, माळावर बसून डॉट नेट उतरवण्याइतकं नेटवर्क मिळेल असं धरून चालू नका. पेनड्राइव्हवर सगळ्या सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर, सी++ आणि डॉट नेटची पूर्ण पॅकेजं, कॅमेरा आणि माउंटचे ड्रायव्हर आणि निनाच्या 'प्रोफाइल्स'ची प्रत ठेवा. विंडोज अपडेट काही आठवड्यांसाठी 'पॉज' करा. मग घरातच सगळी वायरिंग जोडा, वायफाय बंद करा, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि निना, पीएचडी२, सिरिल एकामागून एक उघडून प्रत्येकात एक तरी फ्रेम घ्या किंवा उघडून बघा. निघायच्या दिवशी कुठलाही अपडेट स्वीकारू नका.